पोकळ गिटारची कैफियत

मराठी भाषेंत ‘पोकळ’ हें विशेषण स्तुति म्हणून सहसा कोणाच्या वांट्याला येत नाहीं. पोकळ डौल, पोकळ वल्गना, पोकळ आश्वासन, हे रूढ शब्दप्रयोगच या बिचाऱ्या शब्दाची समाजांतील पत सांगून जातात. भरीव तें खरें आणि पोकळ तें फसवें, असा निवाडा बोलतां बोलतां होऊन गेलेला आहे. परंतु हा निवाडा देणारा गृहस्थ संध्याकाळीं गाण्याच्या बैठकीला जाऊन बसला, म्हणजे ज्या ज्या वाद्यापुढें त्याची मान डोलते तें तें बहुधा पोकळच असतें. तबल्याचें खोड पोकळ, बासरी आरपार पोकळ, आणि तंबोऱ्याचा तो भला मोठा भोपळा तर पोकळपणाचा राजाच! मिरजेचा कारागीर तो भोपळा वाळवितो, कापतो, आंतून साफ करतो, त्यावर लांकडाची पातळ तबली बसवितो, आणि मगच तारांना बोलावयास जागा मिळते. संगीताच्या दरबारांत पोकळपणा हा दोष नसून पात्रता आहे.

आज जिची कैफियत श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे ती मात्र मिरजेची नव्हे. ती अमेरिकेच्या मिशिगन संस्थानांतील कॅलमझू या गांवची, गिब्सन नांवाच्या कारखान्यांत १९५९ सालीं जन्मलेली एक विजेची गिटार आहे. तिचें नांव ई एस ३३०. यांतील ‘ई एस’ म्हणजे ‘इलेक्ट्रिक स्पॅनिश’. हिंदी चित्रपटसंगीतांत मांडीवर आडवी ठेवून वाजविलेली हवाइयन गिटार पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असते. ही त्या जातीची नव्हे, तर छातीशीं उभी धरून, डाव्या हाताच्या बोटांनीं पडद्यांवर तारा दाबून वाजविण्याची आहे. तिच्यावर आजवर जे आरोप झाले ते बहुतेक खरे आहेत. तरीहि निकाल तिच्या बाजूनें लागावा असें म्हणण्यास आधार आहे, आणि तो आधार नीट कळावा म्हणून तिच्या घराण्याची थोडी हकीकत आधीं सांगणें अवश्य आहे.

गिटार हें मुळांत हलक्या आवाजाचें वाद्य. १९३० नंतर अमेरिकेंत जाझ संगीताचे मोठे वाद्यवृंद भरभराटीस आले, तेव्हां पितळी तुताऱ्या आणि सॅक्सोफोन यांच्या गदारोळांत गिटारवाल्यानें तालाची साथ करावी आणि एरव्हीं गप्प बसावें, अशी त्याची स्थिति होती. १९३६ मध्यें गिब्सननें ई एस १५० ही गिटार विकावयास काढली. तिच्या तारांखालीं ‘पिकअप’ नांवाचा एक भाग बसविलेला होता. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्या भोंवतीं तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे घातलेले हजारों वेढे. वरची पोलादी तार थरथरूं लागली म्हणजे या वेढ्यांत तशाच थरथरीचा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ध्वनिवर्धकांत तो मोठा होतो आणि कर्ण्यांतून आवाजाच्या रूपानें बाहेर पडतो.

या युक्तीचें सोनें करणारा वादक लवकरच भेटला. चार्ली ख्रिश्चन हा ओक्लाहोमा शहरांत वाढलेला कृष्णवर्णी तरुण एका अंध वादकाचा मुलगा होता. १९३९ मध्यें तो बेनी गुडमन या ख्यातनाम क्लॅरिनेटवादकाच्या संचांत दाखल झाला, आणि गिटार ही साथीदाराच्या खुर्चीवरून उठून तुतारीच्या शेजारीं उभी राहूं शकते हें त्यानें जगाला ऐकविलें. त्याच्या हातांतील गिब्सन गिटारी पोकळच होत्या. दोनएक वर्षांत त्यानें जें वाजविलें त्यावर पुढच्या कित्येक पिढ्यांनीं आपला अभ्यास केला. परंतु १९४२ च्या मार्चमध्यें, अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, क्षयानें त्याचा अंत झाला.

विजेनें आवाज दिला खरा, पण आवाजाबरोबर एक संकटहि दिलें. सभेंत वक्त्याचा ध्वनिक्षेपक कर्ण्याच्या फार जवळ आला म्हणजे कसा किंचाळतो, हें सर्वांना ठाऊक आहे. पोकळ गिटारचें तेंच होतें. कर्ण्यांतून निघालेला आवाज गिटारच्या पातळ तबलीवर येऊन आदळतो. तबली हलते, तिच्याबरोबर तार हलते. ती हालचाल पिकअप पुन्हा कर्ण्याकडे पाठवितो. कर्णा ती वाढवून पुन्हा तबलीवर फेंकतो. असें चक्र सुरू झालें म्हणजे वादकानें बोट उचललें तरी गिटार आपली ओरडत राहते.

यावर सरळ उपाय असा कीं, पोकळीच काढून टाकावी. लेस पॉल नांवाच्या कल्पक वादकानें १९४० च्या सुमारास पाइन लांकडाचा एक चौकोनी सोट घेतला आणि त्यालाच तारा व पिकअप जोडले. लोकांच्या डोळ्यांना गिटार दिसावी म्हणून त्यानें एका पोकळ गिटारचें धड कापून त्याच्या दोन फांका या सोटाच्या दोहों बाजूंना लावल्या. गिटार दिसावयास पोकळ, परंतु वाजावयास भरीव! पुढें १९५० मध्यें फेंडरनें आणि १९५२ मध्यें खुद्द गिब्सननें अस्सल भरीव गिटारी बाजारांत आणल्या. त्या कितीहि मोठ्यानें वाजविल्या तरी सहसा ओरडत नसत, आणि त्यांचा स्वर लांबवर टिकत असे.

१९५८ मध्यें गिब्सननें मध्यम मार्ग काढला. ई एस ३३५ या नव्या गिटारला दोन्ही बाजूंना पोकळ कप्पे ठेवले, पण मधोमध, डोक्याकडून बुडापर्यंत, मेपल लांकडाचा ठोकळा बसविला. पोकळ आणि भरीव यांचा हा विवाह अतिशय यशस्वी झाला. ३३५ ची कीर्ति जगभर पसरली आणि आजहि ती ओसरलेली नाहीं. आणि लगेच पुढच्या वर्षीं, त्याच रुंदीची, तशीच पातळ, तशाच दोन गोल शिंगांची, समोर इंग्रजी एफ अक्षराच्या वळणाच्या तशाच दोन फटी असलेली एक धाकटी बहीण आली. तीच आजची आरोपी, ई एस ३३०. फरक मुख्यतः एवढाच कीं, हिच्या पोटांत ठोकळा नव्हता. ही सबंध पोकळ होती. किंमतहि थोरलीपेक्षां कमी होती.

हीच तिची चूक झाली. दोन बहिणी शेजारीं उभ्या केल्या म्हणजे पाहणारा तुलना करतो, आणि जिची किंमत कमी तिच्यांत कांहींतरी उणें आहे असें धरून चालतो. ‘ठोकळा घालावयाचा राहिलेली ३३५’ अशी तिची ओळख झाली. त्या काळच्या दोन्ही गिटारी आज जुन्या वाद्यांच्या बाजारांत येतात, तेव्हां एकाच वर्षीं एकाच कारखान्यांत बनलेल्या असूनहि ३३० ला मोल पुष्कळच कमी मिळतें.

तिच्यावरील आरोप एकूण चार. पहिला, ती ओरडते. मोठ्या सभागृहांत ध्वनिवर्धक चढविला कीं तिला आवरतां येत नाहीं. दुसरा, ती गुणगुणते. ३३५ ला जे पिकअप आहेत त्यांत दोन वेटोळीं उलटसुलट जोडून आसपासच्या विजेची घरघर परस्पर नाहींशी केलेली असते, तर ३३० च्या पी ९० नांवाच्या पिकअपांत एकच वेटोळें असल्यामुळें ती घरघर ऐकूं येते. तिसरा, तिची दांडी सोळाव्या पडद्यापाशींच धडाला मिळते. थोरलीची एकोणिसाव्यापाशीं मिळते. त्यामुळें तार सप्तकांतील वरच्या पडद्यांवर बोटें नेतांना अडचण होते. (१९६८ पासून कारखान्यानें हा दोष सुधारून दांडी बरीच पुढें आणली.) चौथा आरोप सर्वांत गंभीर: तिचा स्वर फार वेळ टिकत नाहीं. छेडला, उमलला आणि मावळला.

यांपैकीं एकहि आरोप खोटा नाहीं. परंतु पहिला आणि चौथा हे दोन आरोप मनांत ठेवून त्यांचें मूळ शोधूं लागलें, म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. तार छेडली असतां तिला मिळालेली शक्ति मोजकी असते. भरीव लांकूड त्या तारेला दाद देत नाहीं. म्हणून ती शक्ति तारेजवळच राहते आणि स्वर लांबत जातो. पोकळ गिटारची तबली उलट उदार. तारेचा कंप घोडीवाटे तिच्यांत उतरतो, तबली तो आपल्या अंगावर घेते, आंतील हवेला देते आणि फटींतून बाहेर सोडते. म्हणून स्वराचा आरंभ भरदार व गोल होतो, त्यांत लांकडाची ऊब येते. परंतु शक्ति चटकन खर्चून गेल्यानें स्वर लवकर विरतो. जी तबली इतक्या सहज तारेचें ऐकते, तीच कर्ण्याचेंहि ऐकते, आणि ओरडूं लागते. ज्या दारानें गुण आंत आला त्याच दारानें दोषहि आला. ठोकळा ठोकून तें दार बंद केलें कीं दोघेहि बाहेर राहतात.

मग प्रश्न उरतो तो असा: लवकर मावळणारा स्वर हा खरोखरच दोष आहे काय? याचें उत्तर ग्रँट ग्रीन या वादकानें देऊन ठेवलें आहे. १९३५ मध्यें सेंट लुई येथें जन्मलेल्या या गृहस्थाच्या हातीं १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत ही ई एस ३३० होती, आणि ब्लू नोट या कंपनीसाठीं त्यानें त्या काळांत अनेक ध्वनिमुद्रिका वाजविल्या. त्याची पद्धति साधी होती. अनेक तारा एकदम छेडून स्वरांचे पुंजके उभे करण्याचा हव्यास त्याला नव्हता. तो बहुधा एकेक स्वर वाजवी, जणू सॅक्सोफोनवाला श्वास घेऊन एकेक वाक्य बोलत आहे. स्वर लवकर विरतो, म्हणून दोन स्वरांमध्यें खरी निःशब्दता पडते. आणि निःशब्दता पडते म्हणून पुढचा स्वर कोठें पडतो याला महत्त्व येतें. लांब टिकणाऱ्या स्वरावर वादकाला कांहीं काळ विसांवतां येतें. या गिटारवर तशी सोय नाहीं. प्रत्येक स्वर विचार करून ठेवावा लागतो.

४ नोव्हेंबर १९६३ रोजीं ग्रीन आणि त्याचे पांच साथीदार ‘आयडल मोमेंट्स’ ही संथ रचना मुद्रित करीत होते. पियानोवादक ड्यूक पिअर्सन यानें ती रचलेली होती आणि ती सुमारें सात मिनिटांत आटोपावी असा बेत होता. प्रत्येकानें किती आवर्तनें घ्यावयाचीं याविषयीं वादकांत गैरसमज झाला आणि ज्याच्या त्याच्या वांट्याला ठरल्याच्या दुप्पट जागा आली. रचना जवळजवळ पंधरा मिनिटांवर गेली. तबकडीवर जागा मोजकी. पण तो साधलेला भाव पुन्हां साधेल याची खात्री नव्हती. म्हणून ती लांबलेली रचना तशीच ठेवली, आणि कांहीं दिवसांनीं त्याच तबकडीवरील दुसऱ्या दोन रचना आंखूड करून पुन्हां वाजविल्या. चुकीनें सांपडलेली ती सावकाश चाल आज त्याच्या सर्वांत वाखाणलेल्या वादनांत गणली जाते. ग्रीनचें नशीब मात्र त्याच्या गिटारसारखेंच निघालें. त्याच्या हयातींत वेस माँटगोमेरीसारख्या वादकांच्या कीर्तीपुढें तो मागेंच राहिला. १९७९ च्या जानेवारींत तो वारला, आणि त्याच्या मुद्रिका आवर्जून शोधणारे श्रोते बहुतेक त्यानंतरचे.

या कैफियतींत आणखी एक साक्ष आहे आणि ती जगप्रसिद्ध आहे. गिब्सनच्या मालकांनीं १९५७ मध्यें एपिफोन ही जुनी, ग्रीक वंशाच्या कुटुंबाची प्रतिस्पर्धी पेढी विकत घेतली होती. कॅलमझूच्या त्याच कारखान्यांतून १९६१ पासून ई एस ३३० हीच गिटार, किरकोळ फरक करून, एपिफोनच्या नांवानें ‘कॅसिनो’ म्हणून निघूं लागली. इंग्लंडच्या बीटल्स या चौकडीपैकीं पॉल मॅकार्टनीनें १९६४ च्या अखेरीस एक कॅसिनो घेतली. तो डावखुरा, म्हणून उजव्या हाताची ती गिटार उलटी धरून, तारांचा क्रम बदलून तो वाजवूं लागला. कर्ण्यासमोर धरली असतां ती ओरडते, हाच तिचा गुण आपणास आवडला असें त्यानें पुढें सांगितलें आहे. ज्या दोषापायीं इतरांनीं तिला खालीं ठेवलें त्याच दोषासाठीं यानें ती उचलली. १९६६ मध्यें जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनींहि कॅसिनो घेतल्या. १९६८ मध्यें लेनननें आपल्या गिटारवरील रोगण खरवडून काढून तिचें उघडें लांकूड मोकळें केलें, आणि ३० जानेवारी १९६९ रोजीं लंडनच्या एका इमारतीच्या गच्चीवर त्या चौघांनीं अखेरचें जाहीर वादन केलें, तेव्हां त्याच्या गळ्यांत तीच होती.

यांत दैवाचा विनोद असा कीं, एवढें होऊनहि कीर्ति मिळाली ती कॅसिनो या नांवाला. कॅसिनो आजहि एपिफोनच्या नांवानें बनते आणि खपते. ई एस ३३० चें उत्पादन मात्र १९७० नंतर लवकरच बंद पडलें; पुढें अधूनमधून तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, तरी कॅलमझूचा तो जुना कारखाना १९८४ मध्यें बंद झाला. एकाच सांच्यांतून निघालेल्या दोघींपैकीं एकीला कोणाचा तरी हात लागला आणि दुसरी तशीच राहिली.

आतां या गोष्टीचा शहरांतील चारचौघांच्या घराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे. मुलाला किंवा मुलीला गिटार शिकावीशी वाटते. वडील दुकानांत जातात. दुकानदार सर्वांत मोठ्यानें आणि सर्वांत वेळ वाजणारी गिटार पुढें करतो, आणि वडील मान डोलवितात. परंतु मूल ती कोठें वाजविणार? दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, जेथें भिंतीपलीकडे शेजारी निजलेले असतात. सभागृहांत ज्या वाद्याची अब्रू जाते तें घरांत गुणी ठरतें. सबंध पोकळ विजेची गिटार ध्वनिवर्धकाला जोडली नाहीं तरी ऐकूं येते. तिचा आवाज निव्वळ लांकडी गिटारएवढा मोठा नाहीं, पण आपल्या पुरता भरतो. वीज गेली तरी सराव थांबत नाहीं. भरीव गिटार वीज नसतां केवळ तारांची किणकिण करते. शिवाय पोकळ गिटार वजनाला हलकी असते. ३३० साधारणपणें सहा पौंडांच्या घरांत भरते, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्याला ही गोष्ट कळते.

याहूनहि महत्त्वाचा लाभ शिक्षणाचा आहे. विजेच्या वाद्यावर स्वर लहान मोठा करण्याचें काम बटणावर सोंपवितां येतें, आणि मग बोटें आळशी होतात. पोकळ गिटार बोटाचा हलका स्पर्श आणि जोराचा स्पर्श यांतील फरक तात्काळ सांगते. चुकीचा स्वर झांकण्यासाठीं ती आवाजाचा पडदा देत नाहीं. तंबोरा जुळविणारा विद्यार्थी ज्याप्रमाणें भोपळ्याला कान लावून तारेचें मन ओळखावयास शिकतो, त्याप्रमाणें तिची तबली पोटाशीं धरून बसलेला विद्यार्थी आपण काय केलें हें आपल्या अंगानें ओळखतो. ती ओरडूं लागली तर कर्ण्यापासून दोन पावलें दूर सरावें, आवाज थोडा उतरवावा, तारेवर तळहात ठेवावा. एवढें केलें कीं ती शांत होते. हें सारें शिकतांना विद्यार्थ्याला आवर घालण्याची संवय लागते, आणि ती संवय पुढें कोणतेंहि वाद्य हातीं आलें तरी उपयोगीं पडते.

याचा अर्थ ३३५ वाईट, किंवा भरीव गिटार त्याज्य, असा कोणी करूं नये. हजारों श्रोत्यांच्या मैदानांत, ढोलांच्या गजरांत, जेथें स्वर लांबवावयाचा आहे तेथें त्यांचेंच राज्य आहे आणि तें योग्य आहे. तक्रार एवढीच आहे कीं, मैदानाची परीक्षा घेऊन खोलीच्या वाद्याला नापास करूं नये. शाळेंतहि असा अन्याय घडतो. तोंडी परीक्षेंत जो मोठ्यानें बोलतो त्याला गुण अधिक पडतात, आणि मागच्या बांकावर हलक्या आवाजांत बरोबर उत्तर देणारा मुलगा गुणपत्रकांत मध्यम म्हणून नोंदला जातो. वर्गांतील गलका थांबवून त्याला पुन्हां विचारलें, तरच त्याच्या उत्तराचें मोल कळतें.

तेव्हां ज्यांच्या घरीं जुन्या मुद्रिका ऐकण्याची सोय आहे त्यांनीं एखाद्या रात्रीं, रस्त्यावरील वर्दळ ओसरल्यावर, ग्रँट ग्रीनची ती पंधरा मिनिटांची रचना लावावी आणि आवाज नेहमीपेक्षां थोडा कमी ठेवावा. स्वर उमलतो कसा इकडे लक्ष तर द्यावेंच, पण तो मावळल्यावर पुढचा स्वर येईपर्यंत जी रिकामी जागा उरते तिच्याकडे अधिक लक्ष द्यावें. त्या रिकाम्या जागेंत ही गिटार काय सांगते तें कानांवर पडलें, म्हणजे तिच्या पोटांत ठोकळा कां घातला नाहीं याचें कारण निराळें विचारण्याची गरज उरणार नाहीं.